'मिश्र माध्यम' म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरात पणजीत कलामहोत्सव भरला की आपल्या दैनिकात चित्रकार-शिल्पकारांच्या मुलाखती येतात. त्या मी आवडीने वाचते. पण त्यांत प्रेरणाच फार! कुणाची आजी, कुणाचा समुद्र. समुद्र काय, गोव्यात सगळ्यांनाच आहे. काम कशाचं केलं, हे मात्र शेवटच्या ओळीत 'मिश्र माध्यम' म्हणून आटपतं.

आमची डिचोलीत गणपतीच्या मूर्ती घडवायची चित्रशाळा आहे, म्हणून हे जास्तच खटकतं. मातीत वाळू किंवा खडा राहिला की वाळताना मूर्तीचा हात तडकतो. तेव्हा माती कुठल्या शेतातली, हे आम्ही आधी विचारतो.

अडवलपालच्या शांतादुर्गेच्या देवळातली कावी, म्हणजे भिंतीवरची तांबडी-पांढरी नक्षी पाहा. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली वाळू आणि गूळ भिजत घालायचा, कुटून एकजीव करायचा. त्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर. तो ओला आहे तोवरच टोकदार हत्याराने खरवडायचं, म्हणजे खालचा पांढरा चुना रेघ होऊन दिसतो. थर सुकला की हात थांबला. हल्ली कावीची नक्षी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने रंगवलेलीही दिसते. छान दिसते, पण रेघेतली ती घाई कुठून येणार? असं काही मुलाखतीत विचारलेलं मी तरी वाचलं नाही.

गोव्यातले कलावंत डॉ. सुबोध केरकर यांची शिंपल्यांची कामं बघताना मला आधी प्रश्न पडतो, एवढे शिनाणे (म्हणजे हेच शिंपले) खाल्ले कुणी? मूळचे गोव्याचे चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत, कधी ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे, मासिकांचे कपटे दाबून तो उचलून घेत. त्यांच्या झेन विचारांच्या ओढीवर रकानेच्या रकाने छापून आले. वर्तमानपत्राचा हा उपयोग निदान तुम्ही तरी सांगायला हवा होता!

वार्ताहरांना दोन प्रश्न जास्तीचे द्यावेत, ही विनंती. हे साहित्य कुठून आणलं आणि ते तयार करून कुणी दिलं? चुना भाजणाऱ्याचं, माती खणून टेम्पोत भरून देणाऱ्याचं नाव छापलं तर जागा ती कितीशी जाणार?

आपली,
एक चित्रशाळाचालक, डिचोली