ओटीपी बेपत्ता नवऱ्याच्या मोबाईलवर, बायकोनं काय करायचं?

मा. संपादक साहेब,

मी तासगाव तालुक्यात ई-सेवा केंद्र चालवतो. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं ओळख पटवायचं काम, सुरू झालं तेव्हाची गोष्ट. बाईचा आधार झाला की नवऱ्याचा नाहीतर वडलांचा आधार टाकायचा, त्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो टाकला की काम झालं. आमच्याच गावातल्या एक ताई आल्या, वडील वारलेले, आणि म्हणाल्या भाऊ मालकांचा मोबाईल बंद लागतोय, ते घरातनं गेल्यापासनं बंदच आहे.

नवरा बेदाण्याच्या शेडवर कामाला होता, मिरजेला जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. गावात लोक काय बोलायचं ते बोलले, कर्ज असंल, दुसरी बाई असंल, बोलायला पैसे पडत नाहीत. ठाण्यात आधी सांगितलं मोठा माणूस आहे, येईल परत, मग नातेवाईक सोबत नेल्यावर मिसिंग नोंदवून घेतली. पोर अठराच्या आतलं असेल तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं अपहरण धरून गुन्हा नोंदवतात, मोठ्या माणसाची नुसती मिसिंगची नोंद होते आणि ती फाईल कपाटात जाते.

शोधायचं सगळं ताईच करतात. मिरज जंक्शनवरनं माणूस पुण्याला जाईल, पंढरपूरला जाईल नाहीतर बेळगाव हुबळीला, कुठं म्हणून बघणार? आषाढीला पंढरपुरात फोटो घेऊन फिरल्या. म्हैसाळच्या पुढं गेलं की कर्नाटक लागतं, तिथं मराठी पत्रक कोण वाचणार म्हणून अथणीच्या एका मास्तरांकडनं कानडीत लिहून घेतलं, प्रिंट मी काढून दिली. डोक्यावर परिणाम होऊन रस्त्यावर फिरणाऱ्या माणसांना बरं करून घरी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी, ज्यांना २०१८ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या कर्जतच्या संस्थेलाही फोटो पाठवलाय.

आता कागदाचं बघा. ज्यांचा नवरा वारलाय किंवा घटस्फोट झालाय त्यांना केवायसीसाठी दाखला जोडायची सोय केली, ती बरोबरच आहे, पण हरवलेल्याचा दाखला कुठं मिळतो? सातबारा नवऱ्याच्या नावावर, गावच्या सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायचं, तर त्याची सही पाहिजे. मिसिंगच्या नोंदीची झेरॉक्स दाखवली की साहेब म्हणतात हे चालत नाही, मृत्यूचा दाखला आणा.

सात वर्षं माणसाची काही खबर नसली तर कोर्ट त्याला मयत धरू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच होतं, १ जुलै २०२४ पासनं भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी सात वर्षं तीच. तेही आपोआप होत नाही, दिवाणी कोर्टात दावा, वकिलाची फी, तारखा, आणि तोवर पोरांच्या शाळेचं काय, पेरणीचं काय? वर ताईंचं म्हणणं असं की सात वर्षं झाली तरी मी त्यांना मयत म्हणून सही करणार नाही, आणि मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

म्हणून मागणी एवढीच की मिसिंग नोंदवून वर्ष झालं आणि तपास लागला नाही तर ठाण्यानं तसा साधा दाखला द्यावा, मयत नाही, बेपत्ता असाच लिहून, आणि तो तहसील, बँक, सोसायटी, योजनांच्या पोर्टलवर सगळीकडं चालावा. त्यावर जमीन विकायला मिळू नये, पण पीककर्ज आणि पोरांची कामं तरी व्हावीत. कोण म्हणेल लोक खोटे दाखले काढतील. महिन्याच्या दीड हजारासाठी नवरा लपवून ठेवणारी बाई आमच्या केंद्रात अजून तरी आलेली नाही.

जिल्ह्यातल्या आमदारांनी हे अधिवेशनात मांडावं. आणि साहेब, तुमच्या पेपरात बेपत्ता माणसांचे फोटो पैसे भरून छापावे लागतात, आठवड्यातनं एक दिवस ते फुकट छापता आले तर बघा, फोटो स्कॅन करून पाठवायचं काम मी करतो.

आपला,
एक ई-सेवा केंद्रचालक, ता. तासगाव, जि. सांगली