गुलमंडीमागच्या प्रिंटवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

प्रदर्शन उतरलं, फ्रेमा घरी आल्या. तुमचं बिल चुकतं झालं, पण त्या चाचणीच्या पट्टीचे पैसे तुम्ही घेतलेच नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मोबाइलवर तुमचा मुलगा दाखवीलच.

वेरूळच्या दहाव्या लेण्याचे ते कृष्णधवल फोटो आठवतात ना? स्क्रीनवर छताच्या दगडी फासळ्या, स्तूपामागचे खांब, सगळं दिसायचं. कागदावर मात्र स्तूपामागे नुसतं डांबर. जिथं जावं तिथं एकच उत्तर, "ब्राइटनेस वाढवून देतो." मग खांब थोडे उगवतात, पण काळ्याचा जीव जातो आणि सगळं लेणं धुरकट होतं.

तुम्ही फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "इत्ती जल्दी नक्को, पहले पट्टी निकालते," म्हणालात आणि पूर्ण काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ घरांची पट्टी माझ्याच कागदावर छापलीत. शाई रात्रभर वाळू दिलीत. सकाळी ती खिडकीशी धरलीत तर पहिली तीन घरं एकमेकांत मिसळलेली. स्तूपामागचा अंधार नेमका त्या तीन घरांत अडकला होता.

कागदाचं गणितही तुम्हीच उलगडून सांगितलंत. कापसाच्या मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६-१.७ पर्यंत जाते, चांगल्या बरायटावर, म्हणजे त्या किंचित चकाकीच्या फोटो कागदावर, २.२ ते २.४. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो. पण १.७ चं काळं पडलेल्या उजेडातला २ टक्के परत फेकतं आणि २.३ चं जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे चौपट फरक! त्यात मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाईच हवी; चकाकीच्या कागदासाठीची फोटो ब्लॅक घातली की कोळशाच्या जागी राख उमटते. मला मॅटच हवा होता. तुम्ही वाद घातला नाहीत, फक्त त्या कागदाला किती झेपतं ते दाखवलंत.

पुढचं काम दहा मिनिटांचं. कागदाची प्रोफाइल, म्हणजे त्यावर कुठला रंग कसा उमटतो ते सांगणारी फाइल, फोटोशॉपमध्ये लावली, प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगांची ढवळाढवळ बंद केली, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. त्यामुळे फाइलमधलं सगळ्यात गडद काळं कागदाच्या सगळ्यात गडद काळ्याशी जुळतं आणि त्याच्या लगतच्या छटा कापल्या न जाता थोड्या दाटीवाटीनं का होईना, बसतात. शेवटी छटा गडद-फिकट करणारी कर्व्ह. शून्य, म्हणजे पूर्ण काळं, जागचं हलू दिलं नाहीत, त्याच्या शेजारचा तेवढाच भाग हलक्या हातानं उचललात. खांबांच्या मधली फट काळीकुट्टच राहिली आणि खांबांच्या कडा सुटून आल्या. माऊस धरलेला तुमचा हात किती सावकाश चालत होता! मला तर घाई होती, फ्रेमवाला दुकान बंद करायच्या बेतात होता.

प्रदर्शनात वेरूळचाच एक गाइड त्या प्रिंटपुढे थांबला. नाक काचेला टेकेल इतका जवळ गेला आणि मागचे खांब बोटानं मोजायला लागला. तुम्ही तिथं असायला हवे होतात, चाचा.

आता पितळखोऱ्याचे फोटो घेऊन येतोय, या खेपेला बरायटावर. पट्टी मी आल्याशिवाय काढू नका, आणि या वेळी तिचे पैसे घ्यावेच लागतील.

तुमचा,
लेण्यांवाला पोरगा