क्लास मेथड कशासाठी, तेही शिकवा

महोदय,

मी महाविद्यालयात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. तिच्यात क्लास हा साचा असतो, त्यावरून ऑब्जेक्ट बनतात आणि क्लासमध्ये लिहिलेल्या फंक्शनला मेथड म्हणतात. ‘क्लास मेथड म्हणजे काय?’ या प्रश्नाला विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर देतात: ऑब्जेक्ट न बनवता कॉल करता येते ती. हे स्टॅटिक मेथडलाही तंतोतंत लागू पडतं. मग भाषेत दोन्ही कशाला ठेवल्या, हे विचारलं की उत्तर येत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही, आपल्या पुस्तकांतल्या उदाहरणाचा आहे.

ते उदाहरण बहुतेक वेळा एकच: आतापर्यंत किती ऑब्जेक्ट बनले ते मोजणारा काउंटर. नेमकं तेच फसवं आहे. क्लास मेथडला, ती ज्या क्लासवरून कॉल केली तो क्लास ‘सीएलएस’ या नावाने आपोआप मिळतो; स्टॅटिक मेथडला तो मिळत नाही. मेथडमध्ये ‘सीएलएस.काउंट’ एकाने वाढवला आणि ती सबक्लासवरून (मूळ क्लासवरून काढलेल्या क्लासवरून) कॉल केली, की सबक्लासला स्वतःचा वेगळा काउंट मिळतो. मूळ आकडा आहे तिथेच राहतो आणि एररही येत नाही.

खरा उपयोग ऑब्जेक्ट बनवण्यात आहे. समजा, ‘दिनांक’ या क्लासचा इनिट (नवा ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे घेतो, पण फाइलमधून ‘2024-08-15’ अशी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, येते. पायथनमध्ये एका क्लासला दोन इनिट देता येत नाहीत. दुसरा लिहिला की पहिला गेलाच. मग मुलं एकाच इनिटमध्ये इफ-एल्सच्या अटी कोंबत बसतात. त्याऐवजी ‘मजकुरातून’ अशी क्लास मेथड लिहावी: स्ट्रिंग तोडायची, आकडे काढायचे आणि शेवटी ‘सीएलएस’ला कॉल करून ऑब्जेक्ट परत द्यायचा. तिथे ‘दिनांक’ हे नाव लिहायचं नाही. उद्या कुणी ‘दिनांक’वरून ‘सुट्टी’ हा सबक्लास काढला, तर ‘सुट्टी.मजकुरातून’ सुट्टीच देईल. स्टॅटिक मेथडमध्ये नाव पक्कं लिहिलं असतं, तर मुकाट्याने दिनांक हाती आला असता आणि चूक कळली असती ती पुढे कुठेतरी, सुट्टीची मेथड सापडत नाही म्हणून.

पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीत हेच दिसतं. तारखेच्या ‘डेट’ या क्लासचं ‘टुडे’, ‘फ्रॉमटाइमस्टॅम्प’, 3.7 आवृत्तीत आलेलं ‘फ्रॉमआयएसओफॉरमॅट’, डिक्शनरीचं ‘फ्रॉमकीज’, या सगळ्या क्लास मेथड आहेत. शिकवायला याहून चांगली उदाहरणं कोणती हवीत? कल्पनाही जुनीच: स्मॉलटॉक-80 या भाषेत क्लास हा स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो, आणि नवा ऑब्जेक्ट हवा असेल तर ‘न्यू’ हा मेसेज त्या क्लासलाच पाठवायचा असतो. जावाच्या स्टॅटिक मेथडला मात्र आपल्याला कोणत्या सबक्लासच्या नावाने बोलावलं हे कळत नाही. त्यामुळे जावाकडून आलेली मुलं क्लास मेथड आणि स्टॅटिक मेथड एकच समजतात. त्यांच्यासाठी हा फरक मुद्दाम करून दाखवावा लागतो.

पुस्तकं लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: काउंटर काढून टाका, ‘मजकुरातून’सारखं उदाहरण घ्या. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘व्याख्या लिहा’ऐवजी सबक्लाससह दहा ओळींचा कोड द्यावा आणि विचारावं, इथे कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट मिळेल?

आपली,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका