कूपे, कापणे आणि एक जुनं भांडण

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, शिव्या मान्य. गुडघा बरा आहे. आता मुद्द्याचं. रेल्वेच्या कूपेवरून तू घातलेला वाद मी 'बरोबर आहे बाबा तुझं' म्हणत सोडून दिला होता. ते शब्द मागे घेतोय.

तुझं म्हणणं, फ्रेंच 'कूपे' म्हणजे कापणे, तेव्हा आपलंच क्रियापद तिकडे गेलं. अर्थ बरोबर. रॉकेलचं कुपनही त्यातलंच: मूळचं कुपन म्हणजे पूर्वी व्याज घेताना रोख्याच्या कडेचा कापून द्यायचा तुकडा. पण मुळाशी सुरी नाहीच, बुक्की आहे! ग्रीक 'कोलाफोस', म्हणजे ठोसा. 'कोलाप्तो', चोच मारणे किंवा छिन्नीने कोरणे, हे त्याच्याच कुळातलं मानतात. कोलाफोसमधला फ ओठ मिटून म्हणायचा, फळातला, फॅनमधला नव्हे. म्हणून तर रोमन तोंडात त्याचा प झाला. रोमन नाटककार टेरेन्सच्या इ.स.पू. 160 मधल्या नाटकात कुंटणखान्याचा दलाल रडतो, मला पाचशेवर कोलाफुस (तोच ठोसा, लॅटिनात) हाणले! पुढे मधला, उच्चारात जोर नसलेला 'अ' गळाला आणि 'कोल्पुस' उरला. इटालियनात कोल्पो, स्पॅनिशात गोल्पे. फ्रेंचांनी ल चा उ केला, प लिहिला पण म्हणायचा सोडला: 'कू'. सत्ता उलथवणारा कू तो हाच. घाव घालण्याचं 'कापणे' झालं ते फ्रान्सात.

आता तू उडी मारणार. 'कापणे' आलं प्राकृत 'कप्पेइ'वरून, ते संस्कृत 'कल्पयति'वरून. कोल्प आणि कल्प! इथे माझीही झोप उडाली होती. पण अजून एक पायरी उतर. त्यांचे ल आणि प शेजारी आले ते अ गळाल्यावर. ग्रीकात मध्ये स्वर आहे. आपले ऋग्वेदापासून चिकटलेले. संध्येतलं 'यथापूर्वमकल्पयत्' आठव. तिथे अर्थ रचणे. नीट रचायचं तर छाटावं लागतं, म्हणून संस्कृतात कल्पनी म्हणजे कात्री आणि कल्पक म्हणजे न्हावी. (तुझ्या कल्पक डोक्याबद्दल बोलत नाही, तिथे न्हाव्याला काम उरलेलं नाही.) म्हणजे एक शब्द ठोशातून कापण्यापर्यंत आला, दुसरा रचण्यातून. वाटेत चेहरे जुळले, इतकंच.

पोरीच्या दहावीचं काय झालं? रंगकाम संपलं का? वहिनींना नमस्कार.

त्या दिवशी हरल्याचा चहा मी पाजला होता. दोन कप, वर खारी. परत हवाय.

तुझा,
अण्णा