आप्पा, तुमच्या ओल्या फडक्यासाठी

आप्पा, सा. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात अमळनेरात तुमच्या पानटपरीवर सोडा प्यायला थांबले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ताई, तोंड का उतरलं?" त्या विचारण्याचे आभार मानायचे राहून गेले. चार लोकांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडच लिहिते.

मी लाकडी ठशांवरून चित्रं छापते, जपानी मोकुहांगा पद्धतीने. यंत्राचं काम नाही. पाण्यातला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने ठशावर पसरायची, वर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालपटाने मढवलेल्या चपट्या गोल घासणीने, म्हणजे बारेनने, कागदाच्या पाठीवरून घासायचं. रंगागणिक ठसा वेगळा. दर वेळी तोच कागद कोपऱ्यातल्या खाचेला बिनचूक टेकवायचा. सगळे रंग होईपर्यंत तो दमट राहायला हवा. सुकला की आक्रसतो आणि नदीचा निळा काठावर चढतो. जास्त भिजला तर रंग फुटतो.

जपानचा उन्हाळा दमट, आपल्याकडे मेमध्ये पारा 45 ला टेकलेला. तिसऱ्या रंगाला कागद पापडासारखा वाजायचा. जपानी चित्रकार हिरोशिगेच्या 1857 सालच्या पावसाच्या चित्रात वरचा काळा ढग खाली विरत जातो, त्या विरण्याला बोकाशी म्हणतात. तसं आभाळ मला तापीवर हवं होतं. चाळीसेक कागद वाया गेले होते.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि लाल फडकं उलगडलंत. आत पानांची चवड. फडकं घट्ट पिळलेलं. माझ्या तळहातावर दाबलंत तर थेंब नाही, नुसता गारवा. दुपारी खालची पानं वर, वरची खाली. "कागदले पान समज," म्हणालात. तसंच एक फडकं धुऊन मला दिलंत, पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री एक कोरडा, एक ओलसर असे कागद रचले, फडक्यात गुंडाळून माठाजवळ पाटाखाली ठेवले. सकाळी हात लावला तर कानाच्या पाळीसारखे गार, मऊ! ओलाव्याबद्दल मी खूप वाचलं होतं, पण तो हाताला कसा लागायला हवा हे तुमच्याकडून कळलं.

तापीवरचा ढग उतरला, आप्पा. त्याखाली केळीच्या सोपटाच्या धाग्याने टाके घातलेत, पावसाच्या रेघा म्हणून. पहिली प्रत तुमची. काताचे हात लागतील म्हणून काच लावून रविवारी आणते. फडकं मात्र परत मागू नका, ते आता रोज लागतं.

तुमची,
ठसेवाली ताई