हुरहूर लावणारी गाणी आणि पाठीवर थापा मारणारी गाणी

चिऊ,

तुझा मेसेज वाचला, "बाबा, ख्रिसमसची आवडती पाच आणि नावडती पाच गाणी पाठव, लवकर, प्लेलिस्ट करायचीय." आता हे काय मेसेजमध्ये मावणारं प्रकरण आहे का, म्हणून आपलं पत्रच लिहायला बसलो. आणि पाच-पाचचा हिशोब जमणार नाही हे आधीच सांगतो, कारण एक-दोन गाणी अशी आहेत की ती कुठल्या रकान्यात टाकायची तेच मला कळत नाही.

मला ख्रिसमसच्या गाण्यात थोडी हुरहूर लागते गं. कुणीतरी लांब आहे, कुणाची तरी वाट बघणं चाललंय, काहीतरी हवंय आणि ते हातात नाहीये, असं काहीतरी. नुसतं "आनंदी व्हा, आनंदी व्हा" करत पाठीवर थापा मारणारं गाणं लागलं की मला आनंद वगैरे काही होत नाही, उलट चिडचिड होते. तू म्हणशील बाबाला रडकी गाणीच आवडतात. तर तसं नाही, पुढे वाच.

पहिलं अर्थातच व्हाइट ख्रिसमस, बिंग क्रॉस्बीचं, 1942 चं रेकॉर्डिंग. सगळ्यांना ते बर्फाचं गाणं वाटतं, पण गाण्यात बर्फ नाहीचये, बर्फाची आठवण आहे. हे गाणं लिहिणाऱ्या अर्विंग बर्लिननं सुरुवातीला काही ओळी लिहिल्या होत्या ज्या आता फारसं कुणी गात नाही, त्यात गाणारा माणूस कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सला उन्हात, पामच्या झाडांखाली बसलाय, 24 डिसेंबर आहे आणि त्याला उत्तरेकडे जायची ओढ लागलीये. त्या ओळी गळल्या आणि नुसती ओढ तेवढी उरली. मग ते दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांनी उचललं. कुठल्यातरी गरम बेटावर अडकलेली ती पोरं रेडिओकडे फर्माईश करायची हेच गाणं लावा म्हणून. रेकॉर्ड इतक्या खपल्या की ज्यावरून त्या छापायच्या तो मूळ मास्टर झिजला आणि 1947 मध्ये क्रॉस्बीला तेच गाणं तसंच्या तसं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं, आणि आपण बहुतेक वेळा ऐकतो ते हे दुसरं. आणि बर्लिन स्वतः ज्यू होता, रशियन साम्राज्यात जन्मलेला, म्हणजे ख्रिसमस काही त्याच्या घरचा सण नव्हे. त्याचा तान्हा मुलगा 1928 साली गेला तो नेमका 25 डिसेंबरला. हे मला कळल्यापासून त्या गाण्याचा संथपणा वेगळाच वाटायला लागला. त्या दुःखामुळेच त्यानं ते लिहिलं असं मी म्हणत नाही हां, लोक असले धागे फार पटकन जोडतात, पण माझ्या कानात ते आता जोडलं गेलंय त्याला इलाज नाही. याच गाण्याचा अजून एक विचित्र किस्सा म्हणजे 1975 च्या एप्रिल अखेरीला व्हिएतनाममधल्या सायगॉनमधून अमेरिकन लोक बाहेर पडले तेव्हा निघायचा इशारा म्हणून त्यांच्या रेडिओवर हेच लावलं होतं, भर उकाड्यात, व्हाइट ख्रिसमस.

सायलेंट नाइट पण टाक, पण कृपा करून ते मोठ्या ऑर्केस्ट्रावालं नको. ते गाणं पहिल्यांदा गायलं गेलं 24 डिसेंबर 1818 ला, साल्झबर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाच्या गावात, आणि तेव्हा साथीला होती फक्त एक गिटार. योझेफ मोर हा तरुण पाद्री, त्यानं शब्द दोन वर्षं आधी 1816 मध्येच लिहून ठेवलेले, म्हणजे नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली तेव्हा, आणि फ्रान्झ ग्रूबर हा शेजारच्या गावातला शाळामास्तर, त्यानं चाल लावली. चर्चच्या ऑर्गनमध्ये उंदीर शिरले म्हणून गिटारवर भागवलं अशी एक गोष्ट सगळे रंगवून सांगतात, तिला काही पुरावा नाही, तू सांगू नकोस. मूळ चाल आत्तापेक्षा बरीच झुलती होती म्हणे, पाळणा हलवल्यासारखी. आता सगळे ते इतकं संथ गातात की बाळ झोपायच्या आधी गाणारेच झोपतील. म्हणून सांगतो, दोन आवाज आणि गिटार असलेलं एखादं शोध. 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात ख्रिसमसला खंदकांमधून हे गाणं ऐकू आलं होतं आणि समोरासमोरचे सैनिक बाहेर येऊन भेटले होते. ते काय ऑर्केस्ट्रा घेऊन बसले होते का!

कॅरोल ऑफ द बेल्स तुला माहितीये, ते टिंग-टिंग-टिंग-टिंग करत वाढत जाणारं. तेच चार सूर फिरून फिरून येतात आणि बाकीचे आवाज त्याच्या खाली-वर रचले जातात, तरी कंटाळा येत नाही, उलट अंगावर काटा येतो. हे मुळात युक्रेनचं, मिकोला लेओंतोविचनं 1916 मध्ये एका लोकगीतावरून बांधलेलं, आणि त्यात घंटा-बिंटा काही नाहीत. एक पाकोळी घरात येते आणि मालकाला सांगते, बघ बाहेर जाऊन, तुझी मेंढरं व्यालीयेत, वर्ष चांगलं जाणार. म्हणजे नवीन वर्षाचं गाणं. घंटांचे इंग्रजी शब्द 1936 मध्ये अमेरिकेत बसवले. तोपर्यंत लेओंतोविच हयात नव्हता, 1921 च्या जानेवारीत सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं त्याला आईवडिलांच्या घरात गोळी घातली. 1922 मध्ये युक्रेनच्या कॉयरनं न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये ते गायलं आणि तिथून ते जगभर गेलं. तुमच्या पार्टीत हे सांगत बसू नकोस, पण गाणं लाव.

आता नावडती. द लिटल ड्रमर बॉय नको म्हणजे नको, यावर चर्चा नाही. नुकतंच बाळंतपण झालेल्या येशूच्या आईसमोर ढोल, आणि ती मान डोलावतेय! असो. पॉल मॅकार्टनीचं वंडरफुल ख्रिसमसटाइम, 1979 चं, सगळी वाद्यं त्यानं एकट्यानंच वाजवलीत, आणि ते ऐकू येतं. तो सिंथेसायझर तर माझ्या डोक्यातच जातो. एवढा मोठा माणूस आहे म्हणून एवढंच बोलतो.

सांता क्लॉज इज कमिंग टू टाउन, 1934 चं. सगळी पोरं टाळ्या वाजवत गातात, पण शब्द नीट ऐक एकदा. तू झोपलीस की जागी आहेस ते त्याला दिसतं, तू चांगली की वाईट त्याची यादी केलीये, ती दोनदा तपासलीये, रडू नकोस, तोंड पाडू नकोस. हे गाणं आहे की पोलिस स्टेशन? लहान मुलांना धाक घालायला आईबाप पुरेसे नाहीत का, त्यात अजून एक दाढीवाला बाबा कशाला. चाल मात्र झकास आहे हे मान्य, म्हणून तर अजून राग येतो.

आणि आता तो रकाना न ठरणारा रुडॉल्फ. गाणं मला आवडत नाही. लाल नाकाचा तो बिचारा हरीण, सगळे त्याला हसतात, खेळायला घेत नाहीत, आणि मग एक दिवस धुक्यात सांताच्या गाडीला वाट दाखवायला त्याच्या चमकत्या नाकाचा उपयोग होतो तेव्हा लगेच सगळे त्याचे मित्र! उपयोग नसता तर? पण ही गोष्ट ज्यानं लिहिली त्या माणसाचं काय करू. रॉबर्ट मे, शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांच्या कंपनीत जाहिराती लिहायचा. 1939 मध्ये कंपनीनं सांगितलं, ख्रिसमसला गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तक लिही. त्याची बायको तेव्हा कॅन्सरनं आजारी, औषधपाण्यात सगळे पैसे गेलेले, घरात चार वर्षांची मुलगी. जुलैमध्ये बायको गेली. साहेब म्हणाला, राहू दे, दुसऱ्या कुणाला देतो, तर हा नाही म्हणाला, मीच पुरं करतो. ऑगस्टमध्ये गोष्ट संपली तेव्हा पहिल्यांदा वाचून दाखवली ती त्या मुलीला आणि सासूसासऱ्यांना. त्या वर्षी चोवीस लाख प्रती वाटल्या गेल्या, आणि त्याला त्यातून जास्तीचं काही मिळालं नाही. पुढे कंपनीनं हक्क त्याच्या नावावर करून दिले, त्याच्या मेव्हण्यानं, जॉनी मार्क्सनं, त्यावर गाणं केलं आणि 1949 मध्ये जीन ऑट्रीनं ते गायलं. तर सांग, त्या घरातल्या चार वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा वाचून दाखवलेल्या गोष्टीला मी नावडतं कसं म्हणू? मी बाप आहे गं. त्यामुळे गाणं नको, पण त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही.

1984 ची दोन गाणी एकत्रच सांगतो कारण ती भांडलीच एकमेकांशी. डू दे नो इट्स ख्रिसमस, इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युरनं केलेलं, 25 नोव्हेंबरला लंडनमध्ये सगळे स्टार गोळा करून एका दिवसात रेकॉर्ड केलेलं. पैसा खरोखर उभा राहिला, त्याबद्दल शंका नाही. पण अरे, त्यांना ख्रिसमस माहीत आहे का असं तुम्ही विचारता कुणाला? इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे! ते 7 जानेवारीला ख्रिसमस करतात एवढंच. आणि त्यातली बोनो या गायकाची ती ओळ, देवाचे आभार मान की त्यांच्यावर आलं, तुझ्यावर नाही, ती मला आजही ऐकवत नाही. याच गाण्यामुळे वॅमचं लास्ट ख्रिसमस ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर अडकलं, आणि गंमत म्हणजे वॅमचा गायक जॉर्ज मायकल त्या पहिल्या गाण्यातही गायलाय, म्हणजे स्वतःच स्वतःला आडवा आला. वर लास्ट ख्रिसमसची कमाईसुद्धा त्यांनी इथिओपियालाच दिली. ते पहिल्या नंबरवर गेलं थेट 2021 च्या जानेवारीत, तेव्हा जॉर्जला जाऊन चार वर्षं झाली होती, तो गेलाही 2016 च्या ख्रिसमसलाच. तुझी आई म्हणते ते गाणं ऐकून ऐकून कान किटले. किटले असतील, पण मला आवडतं. प्रेमभंगाचं साधं गाणं आहे, मागे घुंगरू वाजतात तेवढाच ख्रिसमस.

मराया कॅरीचं ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू मला आवडतं हे वाचून हसशील, हस. 1994 चं गाणं, अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचायला 2019 उजाडावं लागलं. एवढा धांगडधिंगा आहे, पण आत काय आहे बघ, मला झाडाखालच्या भेटवस्तू नकोत, फक्त तो माणूस हवा, आणि तो अजून आलेला नाहीये. म्हणून म्हटलं रडकीच गाणी आवडतात असं नाही.

शेवटचं, हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस. ज्युडी गार्लंडनं 1944 च्या सिनेमात ते धाकट्या बहिणीला गाऊन दाखवलंय, घर सोडून दुसऱ्या शहरात जायचं ठरलंय म्हणून ती छोटी रडवेली झालीये. ह्यू मार्टिननं आधी जे शब्द लिहिले होते ते इतके निराश होते, हा कदाचित तुझा शेवटचा ख्रिसमस असेल या धर्तीचे, की ज्युडी म्हणाली हे मी त्या लहान पोरीला ऐकवलं तर लोक मला राक्षसीण म्हणतील. मग त्यानं बदलले. तरी एक ओळ राहिली, तोपर्यंत कसंबसं निभावून नेऊ अशी. 1957 मध्ये फ्रँक सिनाट्रा या गायकाला त्याच्या आनंदी अल्बमसाठी तीही नको होती, म्हणून तिथे झाडाच्या शेंड्यावर चमकता तारा आला. सिनाट्राचा आवाज काय, सोनंच, पण मला ती कसंबसंवाली ओळच हवी, सगळं गाणं तिच्यावर उभं आहे. तेव्हा ज्युडीचंच टाक. कुणी कुरकुर केली की पार्टीत असलं नको, तर लगेच त्यामागे मराया लाव, नाचतील सगळे. आणि ड्रमर बॉय कुणीतरी हळूच घुसवणारच आहे, तेव्हा फोन स्वतःच्या हातात ठेव.

बाबा