नाव न सांगता पाठीशी उभे राहिलात, त्या सगळ्यांचे आभार

लेकीचा संसार मोडला आणि ती सामानासकट घरी आली. त्याच सुमारास मुलाने चांगली चालू नोकरी सोडली. दोघंही तिशी ओलांडलेली. रागवायची सोय नाही आणि कुशीत घ्यायचीही नाही.

जिन्यात खोकी पाहून काही न विचारता त्यातलं एक उचलून वर आणून ठेवणाऱ्या ताई, तुम्ही नंतरही कधी 'का?' विचारलं नाहीत. (बाकीच्यांनी ती कसर भरून काढली, ते सोडा.) वकिलांकडच्या त्या मुलाने कुठल्या कागदावर सही कशासाठी, हे न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावलं. समुपदेशक बाईंनी मला एकच काम दिलं: सल्ला द्यायच्या आधी मुलांना विचारायचं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलगा हसलाच. मग बराच वेळ बोलत बसला. त्या नोकरीपायी त्याची झोप कधीची उडाली होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि रात्री-अपरात्री माझा फोन उचलणाऱ्या मैत्रिणी, तुझं नाव लिहिलं तर चिडशील, म्हणून लिहीत नाही. यापुढे दहानंतर फोन करणार नाही, हे मात्र चारचौघांत सांगून टाकते.